समुपदेशनाचं एम.ए. की शैक्षणिक मानसशास्त्र? आधी सही कोणाची लागते ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत टी.वाय.बी.ए.ला आहेस, विषय मानसशास्त्र, गुण बरे आहेत, समुपदेशक व्हायचंय. मैत्रीण म्हणते, ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’ घे, शाळेत हमखास नोकरी. आतेभाऊ टोरांटोत आहे, तो म्हणतो, इकडेच अर्ज कर. घरी विचारतात, समुपदेशन म्हणजे नक्की काय, नवराबायकोची भांडणं मिटवणार का? आणि तुला हवंय ते एवढंच, की अर्ज कुठे करायचा आणि त्यात काय लिहायचं.

बावीस वर्षं पुण्यात हे काम करतेय, त्यातली बरीचशी शाळांमध्ये गेली. एम.ए.च्या प्रवेश-मुलाखतींना पॅनेलवर बसले आहे आणि इंटर्न मुलींची सुपरव्हिजन, म्हणजे त्यांच्या केसेस ऐकून त्यांना मार्गदर्शन, दर वर्षी असतेच. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: भांडणंही येतात, पण नवराबायकोपेक्षा दहावीतली मुलं आणि त्यांचे आईबाप जास्त येतात. बाकीच्याचं उत्तर जरा लांबेल.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू, कारण अर्धे चुकीचे अर्ज नावापायीच होतात. ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’ या दोन शब्दांचा अर्थ देश बदलला की बदलतो. अमेरिकेत हा मुख्यतः संशोधनाचा विषय आहे. मुलं शिकतात कशी, आठवण कशी राहते, चाचणी खरंच जे मोजायचं ते मोजते का, शिकण्याची इच्छा कशाने टिकते, असं सगळं. त्यात संख्याशास्त्र भरपूर आणि माणूस समोर बसवून केलेलं काम जवळपास शून्य. शाळेत जाऊन मुलाच्या चाचण्या घेणारा, अहवाल लिहिणारा, शिक्षकांबरोबर बसणारा माणूस तिथे ‘स्कूल सायकॉलॉजिस्ट’. त्यासाठी एड.एस. नावाची, बहुधा तीन वर्षांची, वेगळी पदवी असते आणि शेवटी १२०० तासांची इंटर्नशिप. मुलांशी बोलणारा, विषय निवडायला आणि पुढच्या प्रवेशांना मदत करणारा तो ‘स्कूल काउन्सेलर’. त्याची पदवी आणखी तिसरी. आता ब्रिटनला जा. अमेरिकेत ज्याला स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणतात त्यालाच तिथे ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ म्हणतात. ते नाव कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या तिथल्या नोंदणी मंडळाकडे नोंदणी असल्याशिवाय कुणी लावू शकत नाही, आणि त्यासाठी बहुधा डॉक्टरेट लागते. ‘काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ हेही तिथे तसंच राखीव नाव.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी नोकरीसाठी आली होती. बाहेरून ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’त मास्टर्स केलेलं, घरच्यांनी कर्ज काढलेलं. मुलगी हुशार, चाचणीची विश्वासार्हता काय असते यावर तासभर सुरेख बोलली. पण दोन वर्षांत ती एकाही मुलासमोर बसली नव्हती. फसवणूक कुणीच केली नव्हती. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रात सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. तिने नाव वाचलं, माहितीपत्र वाचलं नाही. तिला मी इंटर्न म्हणून घेतलं, म्हणजे पदवीनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर.

म्हणून मी सगळ्यांना उलटीकडून सुरुवात करायला सांगते. पाच वर्षांनी तुला कुठल्या गावात, कोणत्या खुर्चीत बसायचंय ते ठरव. त्या खुर्चीत बसायला कोणाची नोंदणी, कोणाची सही लागते ते शोध. आणि ती सही मिळवून देणारा अभ्यासक्रम निवड. विद्यापीठाचं नाव त्यानंतर.

इथली खुर्ची हवी असेल तर चित्र असं आहे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, ही पाटी लावायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२चा. आजवरचा रस्ता एम.ए.नंतर दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. यूजीसीने एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६पर्यंत मुभा दिली, आणि त्या जागी आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणायला घेतले. हे तुला कशाला सांगतेय? कारण समुपदेशनाचं एम.ए. केल्याने तुला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय नंबर मिळत नाही. तू समुपदेशन करू शकतेस, शाळेत, महाविद्यालयात, संस्थेत, स्वतःच्या खोलीत. पण क्लिनिकलची पाटी लावायची नाही, आणि अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन, गणितातल्या अडचणीच्या) प्रमाणपत्रावर तुझी सही चालणार नाही. कुणी प्रवेश घेताना ‘सगळं एकच असतं हो’ म्हणालं, तर तिथून उठ.

समुपदेशकांसाठी आता दुसरा कायदा आला आहे, संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा, २०२१चा. त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना वर्तनविषयक आरोग्याच्या गटात घेतलंय. त्याचा एक परिणाम तुझ्या वयाच्या मुलींना थेट बसलाय: २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली. आधी लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.ए. करून या क्षेत्रात आल्या. त्यातल्या दोघी माझ्या उत्तम सहकारी आहेत. त्यांच्यासाठी वाईट वाटतं. पण तू आत्ता कुठल्याही ‘घरबसल्या एम.ए. काउन्सेलिंग’च्या जाहिरातीवर पैसे भरू नकोस.

मैत्रिणीचं एक मात्र बरोबर आहे, शाळांमध्ये जागा वाढताहेत. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवावा लागतोच. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या खटल्यात मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं म्हटलंय. कागदावरची जागा आणि पगाराची जागा यात अंतर असतं, ते धरून चाल. काही शाळा समुपदेशकाला ऑफ तासावर पाठवतात आणि स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालनही देतात. (मी तीन वर्षं केलं आहे. बरं करायचे.)

आता भारतातले अर्ज. मुंबईत टिसचं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचं, उपयोजित मानसशास्त्राचं एम.ए. आहे. मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला विभाग तर नावातच उपयोजित मानसशास्त्र आणि समुपदेशन केंद्र असं दोन्ही घेऊन आहे. पुण्यात विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग. बाहेर बंगळुरूचं क्राइस्ट आणि माँटफर्ट कॉलेज; समुपदेशनाच्या प्रत्यक्ष सरावासाठी माँटफर्टबद्दल मी चांगलंच ऐकलंय. टिसने २०२४पासून स्वतःची परीक्षा सोडून सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण घ्यायला सुरुवात केली, त्यावर मुलाखत वगैरे. सीयूईटीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरायचे, परीक्षा मार्चच्या सुमारास. म्हणजे टी.वाय.च्या परीक्षेच्या आधी. आपल्याकडच्या मुली निकाल लागल्यावर जूनमध्ये जाग्या होतात, तेव्हा सीयूईटीवर प्रवेश देणाऱ्या संस्थांची दारं बंद झालेली असतात. उत्तर चुकलं की एक गुण कापतात, तेव्हा तुक्के मारताना जपून. अभ्यास बी.ए.चाच, फक्त संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र हे दोन पेपर ज्यांनी गाइडवर काढलेत त्यांना तिथे घाम फुटतो.

संस्था निवडताना एकच प्रश्न विचार, आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचार: प्रत्यक्ष माणसासमोर किती तास बसलात, आणि त्यानंतर तुमच्याबरोबर कोण बसलं? पहिल्या भागाला ‘प्रॅक्टिकम’ म्हणतात, दुसऱ्याला सुपरव्हिजन. एका ठिकाणच्या मुली मला सांगत होत्या, त्यांचा प्रॅक्टिकम म्हणजे वर्गात एकमेकींवर रोल प्ले आणि जर्नल सुबक अक्षरात लिहून देणं. जर्नल तपासायला बाई येत, केस ऐकायला कुणी येत नसे. तुलनेसाठी एक माप देते. अमेरिकेत काक्रेप या संस्थेची मान्यता असलेल्या समुपदेशनाच्या मास्टर्सला ६० क्रेडिट लागतात, १०० तासांचा प्रॅक्टिकम आणि वर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० तास थेट माणसांबरोबर. आपल्याकडे एवढं क्वचित मिळतं. न मिळाल्यास सुट्टीत स्वतः कमवायचं, पण निदान किती कमी आहे ते माहीत हवं.

आणखी एक रस्ता, जो तुझ्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या एखाद्या शिक्षिकेसाठी असेल: एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने समोरासमोर, तीन महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रासाठी भोपाळची प्रादेशिक संस्था. नोकरी न सोडता शाळेतलं काम नीट शिकायचं तर हा सौदा चांगला आहे.

आता आतेभावाकडे वळू. कॅनडात ‘एज्युकेशनल अँड काउन्सेलिंग सायकॉलॉजी’ नावाचे विभागच आहेत. माँट्रियलच्या मॅकगिलमध्ये याच नावाचा, व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विशेष शिक्षण जोडून, आणि टोरांटोत ओआयएसई ही शिक्षणाची संस्था. पण एका विभागाच्या छपराखाली चार-पाच वेगळी घरं असतात. मॅकगिलचंच बघ: समुपदेशन वेगळं, शाळकरी मुलांचं मानसशास्त्र वेगळं, अध्ययनाचं संशोधन वेगळं. अर्ज विभागाला नसतो, त्यातल्या एका घराला असतो. चुकीच्या घराचं दार वाजवलंस तर कुणी बोट धरून शेजारी नेऊन सोडत नाही.

आणि सही? ती प्रांताप्रांतात बदलते. क्वेबेकमध्ये ‘सायकॉलॉजिस्ट’ व्हायला डॉक्टरेट लागते, शिवाय तिथल्या व्यावसायिक मंडळात जायचं तर फ्रेंच यावं लागतं. मॅकगिल इंग्रजीत शिकवतं म्हणून हे सुटत नाही. अल्बर्टात मास्टर्सवर सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते. आतेभावाच्या ऑन्टारिओत मास्टर्सनंतर ‘रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट’ होता येतं, त्यासाठी सीआरपीओ नावाचं वेगळं मंडळ आहे. भावाला विद्यापीठांची यादी मागू नकोस. त्याला सीआरपीओची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांची यादी बघायला सांग.

अमेरिकेचं एक गणित फार जण उशिरा मांडतात. समुपदेशनाच्या मास्टर्सला शिष्यवृत्ती जवळजवळ नसते, पैसा पीएच.डी.ला असतो. मास्टर्स झाल्यावर लायसन्ससाठी सुपरव्हिजनखाली आणखी साधारण दोन-तीन हजार तास काम करावं लागतं, राज्यागणिक कमीजास्त. आणि विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर काम करायची परवानगी मिळते एक वर्ष, कारण समुपदेशन विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत नाही. एका वर्षात ते तास भरत नाहीत. कर्ज काढायच्या आधी हा हिशेब वडिलांसमोर कागदावर मांड.

शिवाय तुझी बी.ए. तीन वर्षांची. बाहेरची बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. नव्या धोरणातलं चौथं, ऑनर्सचं वर्ष तुझ्या कॉलेजात असेल तर बाहेर जायचं पक्कं असलेल्या मुलीने ते करावं, आणि त्यात एक छोटा का होईना संशोधन प्रकल्प नीट करावा. माझं मत विचारशील तर तू इथे एम.ए. कर, दोन वर्षं मराठीत माणसं ऐक, मग बाहेरचं बघ. घालमेल, धास्ती, काळजी, चिंता हे चार शब्द इंग्रजी पुस्तकात एकाच शब्दात गुंडाळलेले असतात. समोरची बाई ‘जीव रमत नाही’ म्हणते तेव्हा ती नक्की काय सांगतेय हे ज्या भाषेत कळतं, त्या भाषेत आधी शिकलेलं बरं. आतेभावाला हे पटणार नाही, चालेल.

आता अर्जातलं निवेदन, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. मागच्या वर्षी एका मुलीने मला तिचा मसुदा दाखवला. सुरुवात अशी: ‘लहानपणापासून मला लोकांना मदत करण्याची आवड आहे. माझे मित्रमैत्रिणी नेहमी माझ्याकडेच मन मोकळं करतात.’ मी तिला म्हटलं, दुपारच्या चहाआधी पॅनेलने अशी तीस वाक्यं वाचलेली असतात. मग तिला विचारलं, तू सुट्टीत करत काय होतीस? म्हणाली, काही विशेष नाही, नगरपालिकेच्या शाळेत सहावीच्या मुलांचं वाचन घेत होते. आणि बोलता बोलता एका मुलाचं सांगितलं. तो मोठ्याने वाचायला उभाच राहायचा नाही. बाई म्हणायच्या आळशी आहे. हिने पाहिलं की तो ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत अडकतो, पण बापाच्या भाजीच्या गाडीवर पावणेतीन किलोचा हिशेब तोंडी करतो. हिने त्याला वाचायला लावणं थांबवलं आणि त्याची वही घरी नेऊन चुका मांडल्या: कुठलं अक्षर, किती वेळा. मग बाईंना दाखवली. बाई म्हणाल्या, ‘बघू.’ पुढे काही झालं नाही.

हेच लिही, म्हटलं. ‘बघू’सकट लिही. तिला वाटत होतं, यश मिळालं नाही तर लिहायचं कसं? पण त्या अर्ध्या पानात सगळं होतं: निरीक्षण, नोंद, स्वतःच्या मर्यादेची जाणीव, आणि न सुटलेला प्रश्न. त्या प्रश्नामागे ती गेली तेव्हा तिला कळलं की १९९६पासून महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली आहे, आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली डाली ही चाचणी मराठीतही आहे. तरी तो मुलगा सहावीपर्यंत ‘आळशी’च राहिला. मला ही दरी समजून घ्यायचीय, म्हणून हा अभ्यासक्रम, असं तिने शेवटी लिहिलं. ‘आवड’ हा शब्द कुठेच नव्हता. मुलाचं नाव, शाळेचं नावही नव्हतं, आणि ते पॅनेलच्या लगेच लक्षात येतं. जी मुलगी अर्जात कुणाचं खासगी उघडं करते ती खुर्चीतही करील.

स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहावं का, हे बऱ्याच जणी विचारतात. नैराश्यातून गेलेय, घरात आजारपण पाहिलंय. एखाददोन वाक्यांत, आणि आता त्यातून काय कळलंय एवढंच. जखम अजून ओली असेल तर अर्जात नको, ती स्वतःच्या थेरपिस्टकडे ने. हो, स्वतः समुपदेशन घेतलेलं असणं हा कमीपणा नाही. मी तर त्याला गुण देते.

मुलाखतीत बऱ्याचदा पॅनेलमधलं कुणीतरी क्लायंट होतं. मी एकदा सोळा वर्षांचा मुलगा झाले होते. एवढंच म्हटलं, ‘मला काही बोलायचं नाही. आईने पाठवलंय.’ ओळीने सहा जणांनी मला समजावलं: आई तुझ्या भल्यासाठीच सांगते, मोकळं बोल, मी कुणाला सांगणार नाही. सातवी मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे इथं यायचं का, हे तुला कुणी विचारलंच नाही.’ मी खरोखर मान वर केली. तिचे लेखी गुण त्या दिवशीच्या यादीत मधे कुठेतरी होते, तिला घेतलं. तिच्याकडे तंत्र काही नव्हतं, फक्त उपदेशाची घाई नव्हती. ही सवय घरी लागते. महिनाभर धाकट्या भावाला एकही सल्ला न देता त्याचं ऐकून बघ, किती जड जातं ते कळेल.

शिफारसपत्रांचं एक. सर म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ नव्वद टक्के ठिकाणी हेच होतं आणि पॅनेलला ते वाचताक्षणी कळतं, कारण निवेदन आणि पत्र एकाच हाताचं वाटतं. नाही म्हणता येत नसेल तर सरांना एक पान टिपणं दे: कुठला प्रकल्प, काय चुकलं होतं, त्यांनी काय सुधारून घेतलं. त्यावरून त्यांना चार वाक्यं स्वतःची सुचतात. परदेशी अर्जात पत्र अपलोड करायची लिंक सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर जाते, साध्या जीमेलवरचं पत्र पुष्कळ विद्यापीठं धरत नाहीत. कॉलेजचा ईमेल सरांनी दोन वर्षांत उघडलेला नसतो. त्याचा पासवर्ड ऑफिसातून नव्याने घ्यायला लावणं, हे सगळ्यात आधीचं काम.

आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला सगळ्या सेमिस्टरचा अधिकृत गुणतक्ता. तुझं कॉलेज शिवाजी विद्यापीठाखालचं असणार, म्हणजे कोल्हापूरला अर्ज. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, फी, आणि मधे परीक्षा विभागाची गर्दी धरून हाताशी दीड-दोन महिने ठेव. कॅनडाच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात. पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागायची वाट बघू नकोस, चार सेमिस्टरचं आत्ताच मागव. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आणि गुणपत्रिकेवर एकच आहे ना, तेही बघून घे. वडिलांचं नाव मधे की शेवटी, यावर माझ्या एका इंटर्नचे सहा आठवडे गेले होते.